छोटी अणुभट्टी, कमी माणसं आणि मोजमापाचा भरवसा

प्रश्न थोडक्यात असा आहे: छोट्या अणुभट्ट्या मोजक्या माणसांत, जवळजवळ आपोआप चालतील असं त्या बनवणारे सांगतात. डिजिटल ट्विन (म्हणजे भट्टीची संगणकातली जुळी प्रत), कृत्रिम बुद्धिमत्ता, रोबो यांतलं आज खरोखर वापरात काय आहे, कागदावर काय आहे, आणि या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या इंजिनिअरने काय शिकावं?

माझी बरीच वर्षं अणुवीज केंद्रांच्या इन्स्ट्रुमेंटेशन विभागात गेली. दाब, तापमान, पातळी, प्रवाह मोजणारी उपकरणं बसवायची, तपासायची, बिघडली की बदलायची. त्यामुळे माझं उत्तर थोडं एकांगी असणार, हे आधीच सांगून टाकते. कुठलंही नवं तंत्रज्ञान दाखवलं की माझा पहिला प्रश्न एकच असतो: हा आकडा आला कुठून? छोट्या अणुभट्टीत हा प्रश्न मोठीपेक्षा जास्त बोचतो. का बोचतो, ते सांगता सांगता बरंचसं उत्तर होऊन जाईल.

आधी पैशाचं बोलू, कारण सगळी धडपड तिथूनच सुरू होते. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था ३०० मेगावॅटपर्यंतच्या मॉड्यूलला, म्हणजे एका सुट्या भट्टी-एककाला, छोटी अणुभट्टी म्हणते. हजार मेगावॅटच्या केंद्रात शेकडो माणसं कामाला असतात, आणि त्यातले ऑपरेटर फार थोडे. बाकी पहारा, अग्निशमन, किरणोत्सार सुरक्षा, रसायन प्रयोगशाळा, प्रशिक्षण, भांडार, कागदपत्रं. भट्टी दहापट लहान केली म्हणून पहारेकरी दहापट कमी होत नाहीत. फाटक तेवढंच राहतं आणि रात्रही तेवढीच लांब. म्हणून अमेरिकेच्या आर्पा-ई या सरकारी संस्थेने २०१९ मध्ये जेमिना नावाचा कार्यक्रम काढला, तेव्हा उद्दिष्टच असं ठेवलं की चालवण्या-सांभाळण्याचा स्थिर खर्च दर मेगावॅट-तासाला सुमारे १३ डॉलरवरून २ डॉलरवर आणायचा. तो आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मला हसू आलं होतं. पण हिशोब मांडून पाहिला की कळतं, त्या दिशेने गेल्याशिवाय छोट्या भट्टीला वीजदरात मोठीसमोर उभंच राहता येत नाही.

पहिली काटछाट नियंत्रण कक्षात होते. न्यूस्केल कंपनीच्या मूळ आराखड्यात बारा मॉड्यूल एकाच कक्षातून चालतात. अमेरिकेच्या नियमावलीत एका कक्षातून दोनपेक्षा जास्त भट्ट्या चालवण्याची कल्पनाच नव्हती. कंपनीने सिम्युलेटरवर ऑपरेटर बसवून एकामागून एक बिघाड घातले, माणसं ते कसे निभावतात ते नोंदवलं, आणि २०२१ मध्ये बारा मॉड्यूलसाठी तीन परवानाधारक ऑपरेटर ही रचना अणु नियामक आयोगाकडून मान्य करून घेतली. हे काम पक्कं आहे, मी त्याला कमी लेखत नाही. मात्र ते सिम्युलेटरवरचं आहे. अमेरिकेतला त्यांचा पहिला प्रकल्प खर्च वाढल्यामुळे २०२३ मध्ये रद्द झाला, आणि बारा मॉड्यूलचं असं केंद्र अजून कुठेही उभं नाही.

या आराखड्यात एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. इंधनाचं चक्र दोन वर्षांचं धरलं, तर बारा मॉड्यूलमागे दर दोन महिन्यांनी एक मॉड्यूल उघडावं लागतं. मोठ्या केंद्रात शटडाउन म्हणजे लगीनघाई: दीड-दोन वर्षांतून एकदा बाहेरून शेकडो कंत्राटी माणसं येतात, महिनाभर धावपळ होते, मग सगळे पांगतात. इथे मॉड्यूल क्रेनने उचलून बाजूच्या जागेत नेतात, तिथे उघडतात, आणि बाकीचे अकरा चालूच राहतात. तीच दहा-वीस माणसं वर्षभर तेच काम करत राहतात. हात बसतो, चुका कमी होतात. माणसं कमी करण्याच्या सगळ्या कल्पनांमध्ये मला ही सगळ्यात भरवशाची वाटते, आणि तिच्यात सॉफ्टवेअरचा वाटा जवळजवळ शून्य आहे.

आता ‘आपोआप’ या शब्दाकडे. कॅनडाची स्लोपोक-२ ही २० किलोवॅटची संशोधन भट्टी १९७० च्या दशकापासून विद्यापीठांत चालत आली, आणि शेजारी माणूस नसताना, दुरून लक्ष ठेवून, ती चालवायला परवानगी होती. मार्च २०१८ मध्ये नेवाडात क्रस्टी या अंतराळासाठीच्या प्रयोगभट्टीची २८ तासांची चाचणी झाली. तिच्यातून काढून घेतली जाणारी उष्णता मुद्दाम कमी-जास्त केली, तर भट्टीने आपली शक्ती स्वतःच जुळवून घेतली. तापलं की इंधन प्रसरण पावतं, न्यूट्रॉन जास्त निसटतात आणि अणुविखंडनाची साखळी मंदावते. चीनमधल्या शिदाओ खाडीजवळच्या एचटीआर-पीएम या गोळ्यांच्या इंधनाच्या भट्टीवर २०२३ मध्ये दोन्ही मॉड्यूलचा शीतकाचा, म्हणजे उष्णता वाहून नेणाऱ्या हीलियमचा, प्रवाह मुद्दाम बंद करून पाहिला. कुणी काही न करता ती थंड होत गेली. या तिन्ही ठिकाणी काम केलं ते पदार्थविज्ञानाने. संगणक फार तर साक्षीदार होता.

म्हणजे चालवणं हा मोठा प्रश्न नाही. अडतं ते दुरुस्तीपाशी.

छोट्या भट्टीच्या इतिहासातला एक फार वाईट अपघात देखभालीच्या वेळीच झाला. ३ जानेवारी १९६१ ला इडाहोच्या वाळवंटात एसएल-१ ही अमेरिकी लष्कराची तीन मेगावॅट औष्णिक क्षमतेची भट्टी बंद होती. सुट्टीनंतर कंट्रोल रॉडच्या, म्हणजे न्यूट्रॉन शोषून साखळी आवरणाऱ्या दांड्यांच्या, यंत्रणा पुन्हा जोडायचं काम चाललं होतं. मधला रॉड हाताने साधारण दहा सेंटिमीटर उचलायचा होता, तो पन्नासच्या आसपास उचलला गेला. काही मिलिसेकंदांत शक्ती हजारो मेगावॅटवर गेली आणि तिघे मेले. तो रॉड तेवढा का उचलला गेला यावर अजून वाद आहेत. माझ्या दृष्टीने मुद्दा असा की एकच रॉड भट्टी पेटवू शकेल अशी रचना होती, आणि तो हाताने उचलणं हा रोजच्या कामाचा भाग होता. आजच्या आराखड्यांत एक रॉड पूर्ण बाहेर आला तरी भट्टी बंदच राहिली पाहिजे, ही अट त्या अनुभवातून पक्की झाली.

दुसरं उदाहरण सोव्हिएत पाणबुड्यांचं. प्रोजेक्ट ७०५ च्या पाणबुड्यांमध्ये शिसं-बिस्मथच्या वितळलेल्या मिश्रणाने थंड होणाऱ्या छोट्या भट्ट्या होत्या, आणि स्वयंचलन इतकं की खलाशी नेहमीच्या पाणबुडीच्या तुलनेत फारच थोडे. कागदावर आजच्या जाहिरातीसारखंच. पण ते मिश्रण साधारण १२५ अंश सेल्सिअसखाली गोठतं. बंदरात असताना बाहेरून वाफ देऊन ते वितळलेलं ठेवायचं होतं. ती किनाऱ्यावरची व्यवस्था नीट चाललीच नाही, म्हणून बंदरातही भट्ट्या चालू ठेवाव्या लागल्या. के-६४ या पाणबुडीत १९७२ मध्ये शीतक गोठलं आणि ती कायमची गेली. पाणबुडीवरची माणसं कमी झाली होती खरी, पण त्यांचं काम किनाऱ्यावर सरकलं होतं आणि तिथे ते करायला कुणी नव्हतं. आज कुणी ‘आमच्या भट्टीला फक्त पाच माणसं लागतात’ म्हटलं की मी विचारते, बाकीची कुठे बसवली आहेत?

आता मोजमाप. मोठ्या भट्टीत पंप, वाफ बनवणारा स्टीम जनरेटर, दाब राखणारा प्रेशरायझर वेगवेगळे असतात, मोठ्या नळ्यांनी जोडलेले. शटडाउनमध्ये माणूस तिथवर जाऊ शकतो: किरणांचा डोस मोजून, घड्याळ लावून का होईना, पण डोळ्यांनी बघू शकतो. बऱ्याच छोट्या भट्ट्यांत हे सगळं एकाच पात्रात कोंबलेलं असतं. मोठी नळी फुटण्याचा धोका त्यामुळे जातो, हा खरा फायदा. पण डोकावायला जागा उरत नाही. पात्राला भोकं कमी, म्हणजे उपकरणांच्या वाटाही कमी. माणूस जिथे पोहोचत नाही तिथली बातमी फक्त सेन्सर देतो, आणि तो खोटं बोलला तर त्याला उलटतपासायला दुसरं कुणी नसतं.

खोटं म्हणजे काय, ते अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रातल्या अपघाताने २८ मार्च १९७९ ला दाखवलं. दाब कमी करणारा व्हॉल्व्ह उघडा अडकला होता. पॅनेलवरचा दिवा मात्र तो बंद झाल्याचं सांगत होता, कारण दिवा व्हॉल्व्हला जोडलेलाच नव्हता. व्हॉल्व्ह बंद करण्याचा विद्युत आदेश गेला की नाही, एवढंच तो दाखवत होता. सव्वादोन तासांहून जास्त वेळ पाणी निसटत राहिलं. आजही कुठल्याही नव्या डिजिटल पॅनेलवर ‘बंद’ असं हिरव्या अक्षरांत दिसलं की मी विचारते, हे व्हॉल्व्हने सांगितलं की आदेश देणाऱ्याने?

उलटंही होतं. जपानच्या, वितळलेल्या सोडियमने थंड होणाऱ्या मोंजू भट्टीत डिसेंबर १९९५ मध्ये सोडियमची गळती झाली आणि आग लागली. कारण होतं तापमापकाचं आवरण. सोडियमच्या प्रवाहात ती बारीक नळी कंप पावत राहिली आणि मोडली. म्हणजे बघायला लावलेला डोळाच भिंतीला भोक पाडून गेला. ‘शंका आहे ना, मग आणखी चार सेन्सर लावा’ असं सॉफ्टवेअरची माणसं सहज म्हणतात. त्यांना मी मोंजूची गोष्ट सांगते.

तर नवं काय आहे? सगळ्यात आधी आणि सगळ्यात मुकाट्याने आलेली गोष्ट म्हणजे चालू भट्टीतच कॅलिब्रेशनवर लक्ष ठेवणं. परंपरेने दर शटडाउनला प्रत्येक ट्रान्समीटरपाशी, म्हणजे मोजलेला आकडा कक्षाकडे पाठवणाऱ्या उपकरणापाशी जाऊन, त्याला ठरावीक दाब देऊन, तो बरोबर दाखवतो का हे बघायचं. मी हे हजारदा केलं असेल. बहुतेक वेळा उपकरण ठीकच निघतं. आणि कधीकधी तपासायला उघडल्यामुळेच ते बिघडतं, हे कुणी मोठ्याने म्हणत नाही. नव्या पद्धतीत एकच राशी मोजणाऱ्या तीन-चार उपकरणांची सतत आपसांत तुलना होते आणि ज्याचा आकडा सरकतो आहे त्यालाच हात लावायचा. ब्रिटनच्या साइझवेल बी केंद्रात ही पद्धत वापरात आहे. छोट्या भट्टीत, जिथे उपकरणापाशी जाणं हेच अर्धं काम, तिथे ही सोय राहत नाही, गरज बनते.

पण एक खाच आहे. चारही उपकरणं एकाच बनावटीची असली आणि एकाच दिशेने सरकली, तर तुलनेत सगळं छान दिसतं. १९८० च्या दशकात प्रेशर ट्रान्समीटरमधलं तेल हळूहळू झिरपण्याचा प्रश्न अनेक केंद्रांत निघाला होता. आकडा ठीक वाटायचा, पण दाब बदलला की उपकरण उशिरा हलायचं. असला आळस आकड्याच्या तुलनेत सापडत नाही, गोंगाटात सापडतो. प्रत्येक संकेतावर प्रक्रियेची एक बारीक थरथर असते. ती थरथर किती वेगापर्यंत दिसते यावरून उपकरण किती चपळ आहे ते भट्टी चालू असतानाच कळतं. ही विद्या जुनी आहे. न्यूट्रॉन संकेताच्या थरथरीवरून पात्राच्या आतली कंपनं ओळखायचं काम १९७० च्या दशकातच झालं होतं. तेव्हा त्यासाठी टेप रेकॉर्डर आणि तज्ज्ञ माणूस लागायचा. आज ते पडद्यामागे अखंड चालू ठेवता येतं.

जास्त तापमानाच्या भट्ट्यांत वेगळाच पेच. तिथे थर्मोकपल (दोन धातूंच्या तारांचा तापमापक) जुनं होतं म्हणजे अक्षरशः दुसऱ्या धातूचं होतं: टंगस्टन-रेनियमच्या तारेतलं रेनियम न्यूट्रॉन खाऊन ऑस्मियम बनत जातं आणि तार चुकीचं तापमान सांगू लागते. म्हणून इडाहो राष्ट्रीय प्रयोगशाळेने मॉलिब्डेनम-नायोबियमची थर्मोकपलं विकसित केली. दुसरी वाट जॉन्सन नॉइझची. कुठल्याही रोधकातले इलेक्ट्रॉन तापमानानुसार वळवळतात, आणि ती वळवळ मोजली की तापमान मिळतं, मग तार कितीही म्हातारी होवो. तत्त्व फार सुंदर आहे. पण संकेत इतका क्षीण असतो की शेजारचा पंप सुरू झाला तरी तो बुडतो. मला ही पद्धत मुख्य तापमापकापेक्षा अधूनमधून साक्ष द्यायला बोलवायच्या पंचासारखी वाटते.

फायबर ऑप्टिक सेन्सरबद्दल सध्या बरंच ऐकू येतं, आणि त्यात तथ्य आहे. केसाएवढ्या एका काचतंतूतून शेकडो बिंदूंवरचं तापमान किंवा ताण मिळतो आणि पात्राला भोक एकच लागतं. अडचण अशी की किरणोत्साराने काच काळवंडते. शुद्ध सिलिकाच्या तंतूत हे कमी होतं, पण न्यूट्रॉनने काच आकसते आणि मोजमाप सरकतंच. पात्राबाहेर, नळ्यांवर, काँक्रीटमध्ये फायबर आज लावावा. गाभ्यात, म्हणजे इंधन असतं त्या भागात, पाच-सात वर्षं टिकेल असं कुणी सांगितलं तर कुठल्या भट्टीत, किती न्यूट्रॉन खाऊन, ते विचारावं. सोडियमच्या भट्टीत तर कॅमेऱ्याचाही उपयोग नाही, कारण तो चकचकीत अपारदर्शक धातू आहे. तिथे अल्ट्रासाउंडने ‘बघावं’ लागतं, आणि त्यासाठीचे सेन्सर दोनशे अंशांहून अधिक तापलेल्या सोडियममध्ये बुडवून ठेवावे लागतात.

मग डिजिटल ट्विन. या एका नावाखाली तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात, म्हणून मी सावध असते. एक, प्रशिक्षणाचा सिम्युलेटर, जो दशकांपासून आहे. दोन, भौतिकीवर आधारलेलं मॉडेल, जे चालू भट्टीचे आकडे घेऊन न मोजता येणारी गोष्ट काढून देतं: अमुक जोडावर आजवर किती थर्मल फटके बसले, इंधनाच्या अमुक भागात किती जळण झालं. तीन, निव्वळ जुन्या आकड्यांवरून शिकलेलं मॉडेल. दुसरी आणि तिसरी एकत्र आली तरच नावाला अर्थ येतो.

काम कसं चालतं ते पंपाच्या उदाहरणाने सांगते. बेअरिंगचं तापमान ७१ अंश आहे. ठीक की वाईट? अलार्म ९० ला, म्हणजे जुन्या पद्धतीने ठीक. पण आजचा वेग, आजचा भार, आजच्या थंड पाण्याचं तापमान बघता ते ६६ असायला हवं होतं, असं मॉडेल सांगतं. ही पाच अंशांची तफावत हीच खरी बातमी. दोन आठवड्यांत ती सात झाली, तर पुढच्या सोयीच्या वेळी बेअरिंग बदलायचं ठरवता येतं. अर्गोन प्रयोगशाळेत काही दशकांपूर्वी जन्मलेल्या पद्धती आजही याच तत्त्वावर चालतात आणि वीज केंद्रांत चांगलं काम करतात.

आता दुखणं. असं मॉडेल निरोगी काळातल्या आकड्यांवर शिकतं. ते सतत नव्याने शिकत राहिलं, तर हळूहळू वाढणारा आजारच त्याला प्रकृती वाटू लागतो. एका केंद्रात मी हे पाहिलं आहे: एका हीट एक्स्चेंजरमध्ये गाळ साचत होता, आणि मॉडेल दर महिन्याला नवे आकडे शिकून त्या गाळाशी जुळवून घेत होतं. तफावत शेवटपर्यंत शून्य. ज्या तंत्रज्ञाने ते पकडलं, त्याने वर्षापूर्वीच्या छापील नोंदीशी आकडा ताडून पाहिला होता. म्हणून मॉडेल केव्हा आणि कुणाच्या सहीने पुन्हा शिकवायचं, हा नियम मॉडेलइतकाच महत्त्वाचा. जेमिना कार्यक्रमात जीईच्या संशोधकांनी बीडब्ल्यूआरएक्स-३०० या छोट्या भट्टीसाठी जे काम घेतलं, त्यात ‘ही परिस्थिती मी पाहिलेली नाही’ हे मॉडेलने स्वतः सांगावं यावर भर आहे. ही दिशा मला योग्य वाटते.

दुसरी उणीव बिघाडांच्या आकड्यांची. अणुभट्टीतले पंप फारसे बिघडत नाहीत, ही चांगली गोष्ट. पण मग मॉडेलने बिघाड शिकायचा कुठून? हीलियम फिरवणारे ब्लोअर किंवा वितळलेल्या मिठाचे पंप यांचा अनुभव तर जगातच तुटपुंजा आहे. पहिल्या दहा-वीस भट्ट्या होईपर्यंत ‘उरलेलं आयुष्य अमुक तास’ असं सांगणारं सॉफ्टवेअर अंदाजपंचेच सांगणार.

खरं सांगायचं तर मला सगळ्यात भावतात ते उपयोग, जिथे नवा सेन्सर लावावाच लागत नाही. ब्रिटनच्या गॅसने थंड होणाऱ्या भट्ट्यांत इंधन वर-खाली करताना क्रेनवरचा भार नोंदला जातो. तो भार घर्षणामुळे किंचित बदलतो, आणि त्या रेषेच्या वळणांवरून गाभ्यातल्या ग्रॅफाइटच्या विटांना तडे गेलेत का ते ओळखायच्या पद्धती तिथे विकसित झाल्या. भार मोजला जात होता वेगळ्याच कारणासाठी. त्यातली दुसरी बातमी कुणीतरी वाचली. गोळ्यांच्या इंधनाच्या भट्टीतही तसंच. एचटीआर-पीएममध्ये सहा सेंटिमीटरचे लाखो गोळे चालू भट्टीतून फिरत राहतात आणि प्रत्येक गोळा बाहेर आला की तपासला जातो. म्हणजे गाभा रोज स्वतःचे नमुने हातात देतो. जर्मनीच्या टीएचटीआर-३०० या गोळ्यांच्याच जुन्या भट्टीत रॉड थेट गोळ्यांत खुपसले जायचे आणि अपेक्षेपेक्षा जास्त गोळे फुटले. पुढे रॉड बाजूच्या ग्रॅफाइटमध्ये नेले गेले.

कागदपत्रांचंही तेच. अमेरिकेच्या डेव्हिस-बेसी केंद्रात मार्च २००२ मध्ये भट्टीच्या झाकणात मोठा खड्डा सापडला: बोरिक आम्लाने पंधरा सेंटिमीटरहून जाड पोलाद खाल्लं होतं आणि आतला स्टेनलेसचा पातळ थर तेवढा दाब पेलत होता. आधीच्या काही वर्षांत तिथल्या किरणोत्सार मापकांचे फिल्टर गंजाच्या रंगाच्या पुडीने तुंबत होते, दर एक-दोन दिवसांनी बदलावे लागत होते. प्रत्येक बदलाची नोंद होती. फिल्टर बदलणाऱ्याने आपलं काम केलं, नोंद ठेवणाऱ्याने आपलं. दोन्ही नोंदी एकत्र कुणी वाचल्या नाहीत. हजारो नोंदी वाचून ‘हे काहीतरी एकाच गोष्टीकडे बोट दाखवतंय’ असं सांगायला भाषिक मॉडेलं खरोखर उपयोगी पडू शकतात. २०२४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या डायब्लो कॅन्यन केंद्राने कागदपत्रं शोधण्यासाठी असं सॉफ्टवेअर आणलं. दिसायला किरकोळ, पण छोट्या केंद्रात जिथे कागद सांभाळणारी माणसंच कमी, तिथे माणसांचे तास याच जागी वाचतील.

रोबोंबद्दल थोडक्यात. चार पायांवर चालणारे रोबो फेरी मारून गेज वाचतात, कॅमेरा लावलेले पिंजऱ्यातले ड्रोन टाक्यांच्या आत उडतात, सापासारखे हात नळ्यांच्या गर्दीत शिरतात. हे सगळं आज वापरात आहे. पण रोबोचा हात जिथे पोहोचायला हवा तिथे आराखड्यातच वाट ठेवलेली असावी लागते. ओक रिजच्या १९६५ ते ६९ मधल्या मीठ-इंधनाच्या प्रयोगभट्टीत नळ्यांचे जोड वरून लांब दांड्याच्या अवजारांनी उघडता येतील असेच केले होते, आणि त्यामुळे ती दुरुस्त करता आली. बोल्टचं डोकं वरच्या बाजूला हवं, एवढीशी गोष्ट. ती आराखड्यात राहून गेली तर जगातला सगळ्यात हुशार रोबोही खाली उभा राहून बघत बसतो. एकात्मिक (सगळं एकाच पात्रात असलेल्या) भट्टीतल्या सर्पिल नळ्यांच्या स्टीम जनरेटरची मला म्हणूनच काळजी वाटते. हजाराहून जास्त नळ्या, वेटोळ्या, लांबलचक. त्यातून तपासणीचा प्रोब ढकलत न्यायचा. कॅलिफोर्नियाच्या सॅन ओनोफ्रे केंद्रात नव्याकोऱ्या स्टीम जनरेटरच्या नळ्या प्रवाहाच्या कंपनांनी एकमेकींवर घासल्या, २०१२ च्या जानेवारीत गळती झाली आणि केंद्र कायमचं बंद झालं. तिथल्या नळ्या तरी ओळखीच्या आकाराच्या होत्या.

काही दुरुस्त्या मुळातच टाळता येतात. कोलोरॅडोच्या फोर्ट सेंट व्रेन या ३३० मेगावॅटच्या हीलियम भट्टीत फिरत्या यंत्रांची बेअरिंग पाण्यावर चालायची. ते पाणी गाभ्यात झिरपत राहिलं आणि केंद्र चालण्यापेक्षा बंदच जास्त राहिलं; १९८९ मध्ये संपलं. एचटीआर-पीएमच्या ब्लोअरला चुंबकीय बेअरिंग आहेत: तेल नाही, पाणी नाही, झीज नाही. वीज गेली तर रोटर खालच्या आधार-बेअरिंगवर पडतो, आणि ती किती वेळा असा पडाव सोसतील हा आता देखभालीचा नवा प्रश्न. टेरेस्ट्रियल एनर्जी या कंपनीच्या मीठ-इंधनाच्या भट्टीच्या आराखड्यात तर गाभ्याचं अख्खं सीलबंद पात्रच सात वर्षांनी बदलायचं आहे. दुरुस्ती नाहीच, अदलाबदल. काढलेली पात्रं किती काळ, कुठे ठेवायची याचा हिशोब मात्र वीजदरात दिसला पाहिजे.

सुट्या भागांसाठी थ्री-डी प्रिंटिंग आलं आहे. स्लोव्हेनियाच्या क्रश्को केंद्रात २०१७ मध्ये अग्निशमन पंपाचा छापलेला इम्पेलर (पाणी ढकलणारं फिरतं चाक) बसवला, कारण मूळ बनवणाराच उरला नव्हता. एकसारख्या भट्ट्या अनेक असल्या की असे भाग, अनुभव, मॉडेलं सगळं वाटून घेता येतं. दोषही वाटून मिळतो. फ्रान्समध्ये २०२१ च्या अखेरीस सिव्हो केंद्रात एका नळीला गंजाचे तडे सापडले आणि त्याच घराण्यातल्या भट्ट्या एकामागून एक तपासणीला बंद कराव्या लागल्या. पन्नास मॉड्यूलच्या मालकाने ही शक्यता पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवावी.

दुरून चालवण्याविषयी मी सनातनी आहे. दुरून बघावं, हुकूम जागेवरूनच द्यावा. स्टक्सनेट या घातपाती सॉफ्टवेअरने इराणमधली युरेनियम समृद्ध करणारी सेंट्रिफ्यूज यंत्रं बिघडवताना ऑपरेटरला आधी टिपलेले निरोगी आकडेच दाखवले होते. डेव्हिस-बेसीतच, तो खड्डा सापडून भट्टी बंद असताना, जानेवारी २००३ मध्ये स्लॅमर नावाच्या संगणकी किड्याने (व्हायरससारख्या प्रोग्रामने) सुरक्षा दर्शवणारी संगणक प्रणाली जवळपास पाच तास आंधळी केली. म्हणून बाहेर फक्त माहिती जाऊ देणारी, आत काहीच येऊ न देणारी एकदिश जोडणी हवी. दूर बसलेल्या तज्ज्ञाने आकडे पाहावेत, फोन करावा. कळ दाबायला जागेवर माणूस असावा.

शेवटी शिकायचं काय. कोडिंग तुम्ही शिकालच, ते आता सगळेच शिकतात. मी तुमच्या जागी असते तर विनाशरहित चाचणी, म्हणजे वस्तू न मोडता आतले दोष शोधायच्या अल्ट्रासोनिक आणि एडी करंट या पद्धती, हाताने शिकले असते. पाण्याचं रसायन शिकले असते, कारण तडे तिथून सुरू होतात. अनिश्चितता मोजायचं संख्याशास्त्र शिकले असते. आणि पहिलं वर्ष शक्य असेल तर कॅलिब्रेशनच्या टोळीत काढलं असतं. मुलाखतीत कुणी आपल्या भट्टीचा त्रिमितीय आराखडा पडद्यावर फिरवून दाखवला, तर गाभ्याच्या सगळ्यात जवळच्या एका थर्मोकपलवर बोट ठेवा आणि विचारा: हे सहाव्या वर्षी मेलं, तर बदलायला कोण, कुठून आत जाणार, आणि बदलेपर्यंत तुम्ही कुठल्या आकड्यावर भट्टी चालवणार?